चढाचे रंग

सायकल घेतली की पहिल्या महिन्यात पंक्चर जमा होतात आणि नंतर किस्से. पंक्चर काढायला शकील आहे. किस्से काढून घेणारा अजून कोणी भेटला नाही, म्हणून म्हटलं सांगून तरी टाकू. यातले निम्मे ऐकून माझी बायको म्हणते, "उन्हात फिरत जाऊ नका." उरलेले निम्मे मी तिला सांगितलेलेच नाहीत!

आमचा ग्रुप चौघांचा. मी पाणलोटाच्या कामावर ओव्हरसियर. डोंगरावर समतल चर खोदून घेणं हा माझा धंदा, त्यामुळे कुठला उतार किती यावर कोणी माझ्याशी वाद घातला की माझं डोकं फिरतं. शकीलचं बीडला सायकलचं दुकान आहे. सुनंदा सिस्टर नेकनूरकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. चौथे नाना, एका दूध संस्थेचे चेअरमन. नाना सायकल चालवत नाहीत. ते जीपमधून येतात आणि आम्ही दमलो की "शाब्बास!" म्हणतात.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. जनावरं चारा छावणीत गेलेली, संस्थेचे कॅन पालथे पडलेले. अशात नानांनी पुण्याकडे कुठेतरी डोंगरातली सायकल शर्यत पाहिली आणि ठरवलं, आपल्या संस्थेनंही घ्यायची. "दूध न्हाई तर न्हाई, नाव तरी ऱ्हाऊ द्या!" मग वाटा शोधायच्या, चढ-उतार मोजायचा आणि अवघडपणाप्रमाणे दगडांना रंग द्यायचा, हे काम आमच्या गळ्यात पडलं. हिरवा म्हणजे कोणीही जावं. निळा म्हणजे जपून. लाल म्हणजे सरावाच्या माणसानंच. काळा म्हणजे घरी सांगून जावं.

पहिल्या आठवड्यात आम्ही नानांना नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हे एवढं लाल कावून?"

"चढ आहे नाना. उतारही आहे."

"सगळं हिरवं करा."

"अहो, माणसं पडतील!"

"आरं, दोन वर्षं झाली हिरवं बघून! लोकं आधी बघायला तर येतील!"

*

आष्टीच्या बाजूला एक वाडी आहे. दिवाळी झाली की अख्खी वाडी कोयते घेऊन ऊसतोडीला जाते. आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. घराघराला कुलूप. कुत्रंसुद्धा नव्हतं. वाडीच्या मागून एक वाट डोंगरात जात होती, आणि ती पुढे कशी आहे ते विचारायला माणूस हवा होता.

एका घरासमोर शकीलनं सवयीनं हाक मारली. "कोई है क्या? ओ मामा! वरची वाट कशी हाय?"

आतून आवाज आला. "लई चढ हाय. जाऊ नका."

म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा. आम्ही "बरं आजी" म्हणून वळलो आणि सिस्टर जागीच थांबल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. सिस्टरांना वाटलं, म्हातारीला कोंडून लेकं कारखान्यावर गेली की काय! सिस्टर घराभोवती फिरल्या. खिडकी नाही, मागचं दार नाही. दार वाजवलं, आजी, आजी म्हणून ओरडून झालं. आत काहीच हललं नाही.

शेवटी वाडीच्या टोकाला एक पांगळा माणूस सापडला. तो म्हणाला, "त्या घरात कोणी न्हाई. म्हातारी मागंच वारली, बाकीचे गेलते दिवाळीला तोडीवर."

"मग बोललं कोण?" माझा आवाज जरा चढलाच.

"काय म्हणलं?"

"लई चढ हाय, जाऊ नका म्हणलं."

त्यानं मान डोलावली. "मग बराबर हाय की! लई चढ हाय तो!"

आम्ही त्या वाटेला न मोजताच लाल रंग दिला. नियमाचा एवढा पक्का मी, पण त्या दिवशी टेप काढावासा वाटला नाही.

*

सिस्टरांचं सांगायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. आमच्यात खरी सायकल त्याच चालवायच्या. आम्ही उतारावर ब्रेक शोधायचो तेव्हा त्या खाली जाऊन पाणी पीत बसलेल्या असायच्या. नाना म्हणायचे, "सिस्टर, दवाखाना तुमचाच हाय म्हणून एवढं व्हय?"

आणि त्या पडल्या कुठे? हिरव्या वाटेवर! नेकनूरच्या अलीकडे, मुरमाच्या जमिनीवर. खांद्याजवळचं हाड मोडलं. मी परत जाऊन ती जागा मोजली, शकीलनं मोजली, आम्ही दोघांनी मिळून मोजली. उतार नव्हताच. जागा ताटासारखी सपाट.

दवाखान्यात भेटायला गेलो तर त्या छताकडे बघत पडलेल्या. म्हणाल्या, "भाऊ, तुमचं मोजमाप खोटं न्हाई. पण मला पडायला लई वेळ लागला."

"म्हणजे?"

"पडत होते, पडतच होते. जमीन येईचना. मधी मला वाटलं, हाका माराव्यात. मग वाटलं, आता कोणाला ऐकू जायचं!"

शकील पेढे घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला.

हाड जुळलं. सिस्टर परत सायकलवर बसल्या, चढ पहिल्यासारखाच फोडायच्या. पण उतार आला की खाली उतरून चालत जायच्या. वाट बोटभर जरी खाली झुकली तरी त्यांचे हात कापायचे. दवाखान्यातल्या सगळ्या पोरींची नावं त्यांनी शर्यतीतल्या बायकांच्या फेरीला दिली होती. त्या नानांना म्हणाल्या, "शर्यतीच्या आधी मी एक उतार बसून उतरले तर आमी येणार. न्हाई तर नावं काढून घेते. मला भीती वाटते त्या वाटंवर दुसऱ्यांच्या लेकी घालायच्या न्हाईत मला."

मला त्या बाईचा अभिमान वाटला आणि वाईटही तेवढंच वाटलं.

*

लाल रंगाचा एक किस्सा तर फारच झाला. एका खिंडीत आम्ही वाटेच्या कडेला दगडांना लाल ऑइलपेंट लावला आणि आठ-पंधरा दिवसांनी बघायला गेलो. दगडांपुढे नारळ! हळदीकुंकू, लिंबं, उदबत्तीच्या काड्या. खालच्या गावातल्या बायकांनी पाऊस पडावा म्हणून आमच्या लाल वाटेचे म्हसोबा करून टाकले होते!

सिस्टर कंबरेवर हात ठेवून उभ्या. "आमच्या आज्यानं दीक्षा घेऊन देव सोडले, आणि तुमी इथं ओळीनं नवे मांडले!"

नाना जीपमधून उतरले, चपला काढल्या आणि हात जोडले.

"नाना, तो रंग अवघडपणाचा आहे. लाल म्हणजे अवघड!"

"मग हात जोडायलाच पायजेत की!"

आम्ही पोट धरून हसलो. हसत हसत शेवटच्या दगडापर्यंत गेलो, तर त्याच्या वर, कड्याच्या अगदी टोकाला आणखी एक लाल दगड दिसला. तिथे माणूस उभा राहू शकत नाही. आम्ही तर नक्कीच राहिलो नव्हतो. म्हटलं बायकांनी शेंदूर लावला असेल. शकीलनं डोळे बारीक केले. तो रंगाचा माणूस, रोज सायकली रंगवतो.

"शेंदूर नक्को बोलो भाई. ये अपनाच पेंट है."

"मग?"

"ओला हय."

परत येताना नानांनी जीप एकदाही थांबवली नाही.

*

एका तलावाची मच्छीमार संस्था होती. तलाव आटला, मासे गेले, संस्था उरली. तळाची भेगाळलेली माती सायकलला इतकी सुरेख की काय सांगू! एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत सरळ, कुठे दगड नाही की चढ नाही. मी हिरव्या रंगाचा डबा उघडायलाच घेतला होता.

तलावाच्या मधोमध एक होडी जमिनीवर बसलेली. तिच्यात संस्थेचा राखणदार सावलीला छत्री लावून बसलेला. आम्ही गेलो तर त्यानं विचारलं, "पोहता येतं का?"

शकील हसायला लागला. "कायको मामा? पानी किधर है?"

"इथनं जाऊ नका. लई अवघड जागा हाय. दरसाल एक माणूस घेती."

मी ओव्हरसियरच्या आवाजात म्हणालो, "पाणी असताना घेत असेल. आता थेंब नाही."

त्यानं आमच्याकडे एकेक करून पाहिलं, कपड्याचं माप घ्यावं तसं. "म्हणून तर म्हणलं. यंदाचा अजून ऱ्हायलाय."

आम्ही सायकली खांद्यावर घेऊन आल्या वाटेनं काठावर गेलो. तिथे जीपपाशी थांबलेले नाना म्हणाले, "हिरवा का?" शकीलनं काळा डबा उघडला.

*

शेवटचा उतार बाभळीच्या खिंडीतला. बाभूळ एकही शिल्लक नाही, नाव तेवढं राहिलं. वाट खिंडीच्या माथ्यापासून खाली सडकेपर्यंत येते. सरळ, रुंद, डोळ्यांसमोर पूर्ण दिसणारी. मी खालून मोजली आणि वरूनही मोजली. चांगला सणसणीत उतार, पण दगडधोंडा नाही. सिस्टर म्हणाल्या, "झालं तर इथंच होईल. याचा रंग मी सांगणार." शर्यत तोंडावर आली होती. आज नाही तर नावं मागे, हे सगळ्यांना माहीत होतं.

सडकेला एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. मी विचारलं, "बाबा, या वाटेनं कोणी पडतं-बिडतं का?"

"तुमी वर चाललाव का खाली?"

"आम्ही खालीच आहोत की!"

"असं व्हय?" म्हातारा म्हणाला आणि शेळ्या उठवून निघूनच गेला.

सिस्टर सायकल हातात धरून माथ्याकडे चालत निघाल्या. आम्ही तिघे जीपच्या सावलीत. थोड्या वेळानं शकील म्हणाला, "भाई, सिस्टर चढाला ब्रेक दाबून कावून चालतेय?" खरंच, त्या सायकल ढकलत नव्हत्या. मागे ओढून धरत होत्या, सुटून जाऊ नये म्हणून. नाना म्हणाले, "भ्यायलीय बिचारी." मलाही तसंच वाटलं.

माथ्यावर त्या बराच वेळ थांबल्या. मग सीटवर बसल्या आणि निघाल्या. वाटलं, आता वेग येईल. वेग आला नाही. त्या पेडलवर उभ्या राहून, मान खाली घालून, डावीउजवीकडे झुलत, एकेक पेडल रेटत खाली येत होत्या. आमचे डोळे बघत होते की बाई उतरतेय, आणि तिचं अंग सांगत होतं की बाई चढतेय.

आमच्यापाशी पोचल्या तेव्हा घामानं निथळत होत्या. सायकल सगळ्यात हलक्या गिअरवर. शकीलनं वाकून ब्रेकच्या चकतीला बोट लावलं. एवढा उतार उतरल्यावर ती चकती चटका देते. तो पुटपुटला, "थंडी है."

"पानी ओतून बघू," तो म्हणाला. "जिकडं जाईल तिकडं उतार. हाय काय अन् न्हाई काय!"

"दुष्काळात पाणी वततो का बे?" नाना ओरडले. बाटली एकच उरली होती. ती आम्ही सिस्टरांना दिली आणि त्यांनी घटाघटा संपवली.

मी कसंबसं विचारलं, "सिस्टर, उताराचा रंग काय देऊ?"

"उतार? उतार अजून कुठं आलाय भाऊ?" त्यांनी तोंड पुसलं. "चढ लई हाय, लाल द्या. उतार आता परत जाताना लागंल."

आणि त्यांनी सायकल वळवली, माथ्याकडे तोंड करून. त्यांचे हात कापत होते. मला सांगायचं होतं की सिस्टर, तो चढ आहे, मी मोजलाय. पण तोवर शकील पुढे झाला.

"धरू का?" शकीलनं विचारलं.

"नको. धरलं की मी कधीच जायची न्हाई."

त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि ब्रेकवरची बोटं उचलली. सायकल हलली. पाय पेडलवर सारखे ठेवलेले, स्थिर. आधी हळू, मग जोरात, मग इतकी जोरात की स्कार्फचं टोक मागे फडफडायला लागलं आणि धुळीचा लोट खिंडीच्या माथ्याकडे निघाला. नानांनी टोपी काढून हातात घेतली होती.

माथ्यावर धूळ बसली. सिस्टर एक पाय टेकवून उभ्या होत्या, दोन्ही हात वर. तिथून त्यांचा रडका-हसरा आवाज आमच्यापर्यंत आला.

"उतरले! भाऊ, उतरले मी!"