नवा गुडघा आणि हिरवं लुगडं

श्वास निम्म्यावर येऊन अडकत होता. छातीवर कुणी पाटा ठेवून वर बसल्यासारखं झालं होतं, आणि आमच्या गाडीपुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. त्यावर मोठ्यानं गाणी लावलेली. गाडी चालवणारा माझा मुलगा हॉर्न वाजवून दमला, पण गाण्यापुढं त्या ड्रायव्हरला काही ऐकू येत नव्हतं.

माझं डोकं थोरल्या जावेच्या मांडीवर होतं. ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "भाग्याची गं तू. मालकाच्या आधी चाललीस, कुकू लावून. आमच्या नशिबात कुठलं?"

हवं तर हे भाग्य तू घे, असं मला म्हणायचं होतं. पण बोलायलाही श्वास लागतो.

पुढच्या सीटवर आमचे मालक होते. फौजेतून पेन्शन घेऊन आल्यापासून ते घरात सूचना दिल्याशिवाय बसलेले मला आठवत नाहीत. त्या दिवशी ते गप्प होते. तेव्हा मला समजलं, मामला बरा नाही.

बारा दिवसांपूर्वी सांगलीच्या एका दवाखान्यात माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली होती. डॉक्टरांनी आधी फोटो दाखवला आणि हाडावर हाड घासतंय असं सांगितलं. ते मला पाच वर्षांपासून माहीत होतं, मला फोटो लागला नव्हता. ऑपरेशनच्या वेळी कमरेखालचं सगळं बधीर केलं आणि मध्ये पडदा धरला. पडद्यापलीकडे सुतार चौकट बसवतो तशी ठोकाठोक चालली होती. चौकट माझीच होती, पण मला बघायची मुभा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी व्यायाम घेणारी एक मुलगी वॉकर घेऊन आली. "आजी, रोज चालायचं. तासातासाला पावलं वर-खाली करायची. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, हे घट्ट मोजे काढायचे नाहीत. आणि काही झालं तरी पोटरी चोळायची नाही." हे सगळं तिने कागदावर मराठीत लिहूनही दिलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे. कागद मला वाचता येत होता. म्हणजे अडाणी होते, समजलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

आष्ट्याजवळच्या आमच्या गावी आले आणि मला कॉट मिळाली. लग्न होऊन या घरात आल्यापासून दिवसाउजेडी मी आडवी झाले ती फक्त बाळंतपणात. आता सून चहा हातात आणून देत होती. गुडघ्याखाली जावेनं मऊ उशी सारली, ती मी राहू दिली. मोजे उकडतात म्हणून काढले आणि दोरीवर वाळत टाकले. ते वाळले, पण दोरीवरच राहिले.

बघायला येणाऱ्या बायका शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन यायच्या. पुडा ठेवला की प्रत्येकजण डॉक्टर व्हायची. "हालू नगंस बाय, नवा हाय, निखळंल." कोरेगावहून माझी बहीण आली, तीही तेच म्हणाली. नवा गुडघा म्हणजे ओली भिंत, सुकेपर्यंत धक्का लावायचा नाही, असं गावाचं एकमत झालं. माझंही होतं.

विरोधात एकटे मालक. त्यांनी कागद माझ्या उशाशी भिंतीवर चिकटवला होता आणि हातात घड्याळ घेऊन यायचे.

"ऊठ. धा वाजले. वॉकर धर."

"आवं, ही काय पलटण हाय व्हय?"

"कागदावर लिवलंय."

"मग कागदालाच चालवा."

बायका खो खो हसायच्या आणि मालक बाहेर जाऊन बसायचे. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कदाचित मी उठलेही असते. पण सांगणारे मालक होते, आणि त्यांचं बरोबर होतं. दोन्ही एकदम कसं सोसायचं?

अकराव्या दिवशी पोटरी सुजून टणक झाली, हात लावला तर गरम लागायची. जाऊ तेल कोमट करून घेऊन आली. भावकीतल्या निम्म्या बाळंतिणी तिनं चोळल्या आहेत. मालक दाढी करायला गेले होते.

"कागदावर न्हाई म्हटलंय, आक्का."

"त्या पोरीला काय कळतंय? तिनं किती बाळंतपणं काढलीत?"

मी बाळंतीण नव्हते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. मी लुगडं वर घेतलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीकडे जायला उठले आणि दारातच श्वास गेला.

ट्रॅक्टर एकदाचा बाजूला झाला आणि आम्ही त्याच दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, पडून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली.

"पाय कुणी चोळला का?"

"कोण चोळणार? मीच," जाऊ म्हणाली. "आखडला हुता तिचा. जगंल का?"

"दोन दिवस काही सांगता येणार नाही."

ते दोन दिवस जाऊ बाहेरच्या बाकावर एक कापडी पिशवी मांडीवर धरून बसून होती. पिशवीला ती कुणाला हात लावू देत नव्हती. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू होती. तिसऱ्या दिवशी नाकावरची नळी निघाली, आणि माझं धुतलेलं लुगडं असेल म्हणून सुनेनं ती पिशवी उघडली. आत हिरवं लुगडं निघालं, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाची पुडी, खण.

"आक्का, ह्ये कशाला?" सुनेला रडू फुटलं.

"लागलंच असतं तर घरी कोण पळणार?" जाऊ म्हणाली.

तिचं म्हणणं बरोबर होतं. लुगडं मी ओळखलं. थोरले दीर असताना तिनं ते स्वतःसाठी घेऊन ठेवलं होतं. दीर आधी गेले. तेव्हापासून ते घडी न मोडता पेटीत होतं.

घरी सोडायच्या दिवशी मी जावेला म्हटलं, "द्या ते हिकडं."

"जित्तेपणी नेसत्यात व्हय तसलं?"

"मग परत पेटीत ठेवून माझी वाट बघत बसा."

तिनं पिशवीतून लुगडं काढलं. माझ्या निऱ्याही तिनंच घातल्या. मी वॉकर धरून दवाखान्याच्या दारापर्यंत चालत आले. शेजारी मालक घड्याळात बघत "एक, दो, एक, दो" म्हणत होते आणि मी एकदाही उलट बोलले नाही. उगाच त्यांनी त्याचा अर्थ काढू नये. मला दम लागत होता.

मोजे मी पायात घालते. पोटरीला अजून कुणाला हात लावू दिलेला नाही. त्या दिवशी गाडीत आम्ही चौघं होतो, मुलगा, मालक, जाऊ आणि मी. चौघंही जिवंत आहोत.