कार्मेनानं कुलूप तोडलं

कार्मेना बुसुतीलचा राग आमच्या ऊसपट्ट्यात सगळ्यांना माहीत होता. कारखान्यानं ऊस भरायच्या रिकाम्या रेल्वे-वाघिणी उशिरा पाठवल्या की ती थेट वजनकाट्यावर जाऊन भांडायची आणि संध्याकाळपर्यंत विसरायची. पण तिचा भाऊ साल्वू गेला त्या वर्षीचा राग विसरण्यातला नव्हता.

ती तीन भावंडं. कार्मेना थोरली, मग साल्वू, मग धाकटा जॉर्ज. आईबाप माल्टाहून आलेले, आमच्यासारखेच. बापाचा ऊस साल्वूनं सांभाळला, जॉर्जनं जवळच्या मकाय शहरात टायरचं दुकान काढलं. साल्वूच्या घरात मर्ल होती. लग्न झालेलं नव्हतं. आई होती तोवर घटस्फोटित सून चालणार नाही म्हणून राहिलं, आई गेल्यावर आता कशाला म्हणून राहिलं. त्या आईला शेवटी भरवलं मर्लनंच. मग साल्वूची फुफ्फुसं गेली, तेव्हा त्यालाही उठवणं-बसवणं तिनंच केलं.

ऐन गाळपात साल्वू गेला. मृत्युपत्र तरुणपणीचं, मर्ल भेटण्याआधीचं. सगळं बहीण-भावाला निम्मं निम्मं, आणि व्यवहार मिटवायला एक्झिक्युटर कार्मेना. मर्लचं नाव कुठेच नाही. साल्वूला हे ठाऊक होतं. 'हंगाम संपला की वकिलाकडे जाऊ' असं तो दर वर्षी म्हणायचा.

दफन झालं त्याच आठवड्यात मर्ल भाड्याचा ऑक्सिजन परत करायला शहरात गेली. येऊन बघते तर दाराला नवं कुलूप, आणि तिचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून व्हरांड्यात टाकलेले. ती तशीच कार्मेनाकडे आली. मी तिची शेजारीण, तिथेच होते, आम्ही पास्तिझीचं, आमच्या माल्टी पॅटिसांचं, पीठ मळत होतो. कार्मेनानं पिठाच्या हातानंच जॉर्जला फोन लावला.

"कुलूप तू लावलंस?"

"घर आपलं आहे, ताई. बाहेरच्या बाईच्या ताब्यात किती दिवस ठेवायचं?"

"बाहेरची? साल्वूचं ढुंगण तू धुतलंस का रे?"

"उगाच घाण बोलू नकोस."

"घाण तिनं काढली. तुला नुसतं बोललेलंसुद्धा ऐकवत नाही."

तिनं फोन ठेवला, शेडमधून लोखंड कापायची मोठी कात्री काढली आणि निघाली. मीही गाडीत बसले. कुलूप तोडून तिनं ते जॉर्जच्या दुकानाच्या पत्त्यावर टपालानं पाठवलं.

वकीलबाईंनी तिला समजावलं, "एक्झिक्युटरनं कुणाची बाजू घ्यायची नसते. कोर्टाकडून मृत्युपत्राला मंजुरी, म्हणजे प्रोबेट, मिळेपर्यंत घरातलं काही हलवायचं नाही."

"मग जॉर्जनं ट्रॅक्टर नेलाय तो?"

"तो परत मागवा."

कार्मेनानं मागवला नाही. स्वतः गेली, दुकानामागच्या आवारात उभा असलेला ट्रॅक्टर सुरू केला आणि हमरस्त्यानं हळूहळू चालवत घरी आणला. मागे मोटारींची ही रांग. लोक हॉर्न वाजवत होते, तिनं मान वळवली नाही.

प्रोबेट मिळता मिळेना. बँकेत फोन करावा तर आधी 'तुमच्या दुःखात सहभागी आहोत', मग संगीत, मग नवा माणूस, त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. एकदा साल्वूच्या नावानं पत्र आलं, खातं बंद करायला स्वतः येऊन सही करा. कार्मेना शाखेत जाऊन म्हणाली, "स्मशानात गाडी पाठवा, येईल तो." काउंटरवरची मुलगी रडायला लागली, तेव्हा कार्मेना आणखीच चिडली, या वेळी स्वतःवर.

दरम्यान मर्लनं वेगळा वकील करून कोर्टात आपला हक्क मागितला. जॉर्ज तणतणत आला.

"तू एक्झिक्युटर आहेस. तिची बाजू घेऊ शकत नाहीस."

"नाही घेत. एक्झिक्युटर म्हणून तोंड शिवून बसेन. माझ्या वाट्याचं काय करायचं ते मात्र साल्वूची बहीण म्हणून ठरवीन."

शेवटी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून तडजोड झाली. घर आणि आवार कार्मेनाच्या वाट्यात धरलं, आणि तिनं ते मर्लच्या नावे केलं. उसाची जमीन सगळी जॉर्जला. जमिनीपुढे घर ते काय, हे जॉर्जला कळत होतं.

"म्हणजे तुला काहीच नाही," तो हसून म्हणाला. "वेडी आहेस."

"सही कर."

बाहेर आल्यावर मर्लनं तिचा हात धरला. कार्मेनानं तो सोडवून घेतला.

"आभार मानू नकोस, अगं. तुझं होतं ते तुला माझ्याकडून घ्यावं लागलं, याचीच लाज वाटते मला."

तिथून ती एकटीच स्मशानात गेली. मी फाटकाशी थांबले. पलीकडच्या शेतात हार्वेस्टर चालला होता, तरी तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. "एक सही, साल्वू. दुपारभराचं काम. तुला मर्लच्या हातचं जेवण चाललं, कूस बदलायला ती चालली, आणि वकिलापर्यंत तुझे पाय जात नव्हते." ती बराच वेळ बोलत होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण राग उतरला नव्हता.

मर्ल त्याच घरात राहते. जॉर्ज ऊस बघायला आठवड्यातून एकदा येतो. आमच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायची पद्धत आहे, ती अनोळखी माणसालाही देतात. जॉर्ज अजून बोट उचलतो. कार्मेना सरळ पुढे बघत निघून जाते.