दोन थापा

जाम गावच्या चहाटपरीवर मागून कुणीतरी खांद्यावर दोनदा थोपटलं, आणि नाकात एकदम रबरी मॅटचा वास भरला.

दहा वर्षांपूर्वीची नालवाडीच्या हॉलमधली ग्रॅपलिंगची, म्हणजे मॅटवरच्या पकडीच्या कुस्तीची, फायनल. सुधीर कासवासारखा अंग आखडून, हनुवटी छातीत खुपसून बसला होता. मी पाठीवरून त्याच्या गळ्याखाली हात सारून आवळला. माझ्या कोपरावर दोन थापा पडल्या. थापा म्हणजे हार कबूल, म्हणून मी सोडलं. पंचांना काहीच दिसलं नव्हतं.

"म्या कुठी थाप मारली गा? हात सरकला माह्या," सुधीर म्हणाला, आणि पुढे जिंकलाही.

सरकला असेल, असं मी दहा वर्षं स्वतःला समजावत आलो.

"ओळखलं नाई काय गा मले?" मागे सुधीरच हसत उभा होता.

खांद्यावरच्या थापा अगदी तशाच होत्या, हलक्या आणि घाईच्या. थाप त्यानं मारली होती. आधी हातानं, मग तोंडानं.