बुडबुडे न सोडणारं यंत्र

तिसगावच्या आमच्या विहिरीत पंपाची मोटार पडली, तेव्हा बुड्या मारणाऱ्या एका म्हाताऱ्याला बोलावलं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण समुद्रातल्या गुहांत उतरणारा माझा भाचा नवं यंत्र घेऊन आला होता. सोडलेला श्वास गाळून ते पुन्हा पुरवतं.

"यातून बुडबुडेसुद्धा येत नाहीत, आजोबा!" भाचा म्हणाला.

"मंग वरच्यांनी कशाकडं बघायचं?"

भाचा हसत खाली गेला. पाणी स्थिर झालं. पाच मिनिटांत माझी बहीण रडू लागली, तसा म्हातारा बुडी मारून आला.

"जित्ता हाय, ताई."

मग दर पाच मिनिटांनी तो तेच करत राहिला.

तासाभरानं मोटारीला दोर बांधून भाचा वर आला. "कसं वाटलं यंत्र?"

पायरीवर धापा टाकत म्हातारा म्हणाला, "लई भारी. तुमी अजाबात दमला न्हाई."