सहादूची वीस मिनिटं

नाशिकमधला सगळ्यात भित्रा माणूस शोधायचा तर तो माझ्या शेजारच्याच दुकानात बसतो. सहादू त्याचं नाव. घोटीकडचा. पंचवीस वर्षांपूर्वी द्वारका चौकाजवळ माझ्या नंबरप्लेटच्या दुकानाला लागून त्याने गाळा घेतला आणि मोटारसायकलींच्या सीट बनवायला लागला. स्वतःकडे एक मोपेड, तीही चाळीसच्या पुढे कधी गेली नाही.

त्याच्याकडे येतात ते दणकट, उघड्या गाड्यांचे लोक. समोर काच नाही, इंजिनावर झाकण नाही, सगळं डोळ्यांपुढे. गावात अशा गाडीसारखं सुख नाही. हँडल रुंद, पाठ ताठ राहते, गर्दीतून अलगद निघते, मागे भाजीची पिशवीसुद्धा बांधता येते. पण लांबच्या रस्त्याला लागलात की सगळा वारा छातीवर, आणि मग माणूस टिकतो तो बुडाखालच्या चार इंच फोमवर. खाली कडक थर, वर मऊ थर. नवख्यांना वाटतं, जेवढी मऊ तेवढी चांगली. उलट असतं. नुसती मऊ सीट तासाभरात बसते, हाडं खाली टेकतात आणि पाय बधिर होतात. हे मला सहादूनेच शिकवलं.

गिऱ्हाइकाला तो घड्याळ लावून वीस मिनिटं गाडीवर बसवायचा. भार कुठे पडतो ते कळल्याशिवाय सीटवर खडूची खूण करायचा नाही. आता वीस मिनिटं गप्प कोण बसणार? जो तो आपले अपघात सांगायचा. कुणाचा मित्र कंटेनरखाली गेला, कुणाच्या पायात सळई घातली. सहादू मान खाली घालून ऐकायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणायचा, "राजूभाऊ, आज पुन्हा एक ऐकला." मी हसायचो. मला वाटायचं, याला सवय झाली असेल.

त्याची एकुलती एक मुलगी तेजस्विनी अंबडला कारखान्यात इंजिनियर आहे. गेल्या दिवाळीत तिने तसलीच उघडी, जोरदार गाडी घेतली. रोज कामाला जायची तोवर सहादूने कसंबसं सोसलं. पण जानेवारीत ती म्हणाली, "आबा, एकटीच इंदूरला जाऊन येते. सीट तुम्हीच करून द्या."

सहादूने तिलाही वीस मिनिटं बसवलं. चार दिवसांनी सीट दिली तेव्हा तिने बसल्या बसल्या माझ्याकडे पाहून अंगठा उंचावला. "काका, गादी केलीय आबांनी, गादी!"

शनिवारी सकाळी सहाला ती निघाली. साडेसातला चांदवडहून तिचा फोन आला. सहादूने लाउडस्पीकरवर ठेवला होता, मीही ऐकलं.

"आबा, पायाला मुंग्या येतायत. दहा मिनिटं थांबते नि निघते."

"माघारी ये ना मग," सहादू घाईघाईने म्हणाला.

"छे हो! मुंग्यांनी काय होतंय?"

फोन बंद झाला आणि सहादू स्टुलावर बसला.  काय झालं म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "राजूभाऊ, म्या खालचा कडक थर टाकलाच नाय. म्हटलं, दुखलं की चांदवडवरून फिरंल माघारी."

माझं टाळकंच फिरलं. "अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पाय बधिर झाल्यावर ती एवढी जड गाडी थांबवेल कशी?"

"तेच तर," तो म्हणाला. "तेच आता ध्यानात आलं."

फोन लावला. रिंग वाजली, उचलला नाही. गाडीवर असेल. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. मग आठ-सव्वाआठच्या सुमारास फोन बंदच लागायला लागला.

मी माझी ओम्नी गाडी काढली. सहादू माळ्यावर चढला आणि एक फोमचा तुकडा घेऊन खाली आला. व्यवस्थित कापलेला, कडक थरासकट, तेजस्विनीच्या खुणा केलेला. खरी सीट त्याने आधीच बनवली होती. ती मांडीवर घेऊन, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून तो शेजारी बसला.

पिंपळगाव मागे पडल्यावर तो बोलायला लागला, आणि ते ऐकवत नव्हतं. पंचवीस वर्षांत ऐकलेले अपघात त्याला एकेक करून आठवत होते. रस्त्याकडेला चार माणसं दिसली की दाराची कडी धरायचा. राहुडच्या घाटात वाहतूक थांबली होती, पुढे एक ट्रक आडवा. सहादू उतरून पळत सुटला. मी खरं सांगतो, त्याच्या मागे गेलो नाही, स्टिअरिंग धरून बसून राहिलो. तो परतला तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "कांदे हायेत," एवढंच म्हणाला. रस्ताभर कांदे सांडले होते, माणूस कुणी नव्हतं.

उमराण्याच्या पुढे एका ढाब्यापाशी ती गाडी दिसली. आरसा तुटलेला, टाकीला पोचा. तेजस्विनी बाजेवर बसून तळहाताला हळद दाबत होती. ढाब्याकडे वळताना तिने गाडी थांबवली, डावा पाय टेकवला, आणि जमीन लागल्याचं पायाला कळलंच नाही. गाडी आडवी झाली, फोन फुटला. मागच्या ट्रकवाल्याने दोन हातांवर ब्रेक मारला होता.

सहादू तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. ती म्हणाली, "काका, यांना कशाला आणलंत?" मग मला बाजूला घेऊन हळूच, "सीट पार बसली हो. आबांचा हात थकला आता. मी घरी जाऊन छान होती म्हणून सांगणार होते. तुम्हीही बोलू नका." तिचे डोळे भरले होते.

तोवर सहादूने सीट काढून बाजेवर उलटी ठेवली होती. पक्कडीने पिना उपसल्या, कव्हर सोललं. तेजस्विनी पुढे झाली. त्या दुकानातल्या फोमच्या कातरणांवर झोपून ती मोठी झालेली. वरपासून खालपर्यंत नुसता मऊ फोम तिने बोटाने दाबून पाहिला. मग ओम्नीतून आणलेला तो दुसरा तुकडा पाहिला, आपल्या खुणांचा.

"हात नाय थकला," सहादू म्हणाला. "भ्यालो मी. तू जाऊ नये म्हणून केलं."

 त्याने नवा फोम बसवला, कव्हर ताणलं, पिना ठोकल्या.  सीट गाडीवर चढवली आणि सवयीने मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं.

"बस," तो म्हणाला. "वीस मिनिटं."

ती बसली. तोंड रस्त्याकडे, पाठ बापाकडे. वीस मिनिटं ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. वीस मिनिटं झाल्यावर तिने हेल्मेट घातलं, पाय जमिनीवर दोनदा आपटून पाहिला आणि किल्ली फिरवली.

"माघारी चल," असं सहादू म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. तो म्हणाला नाही. गाडी मालेगावच्या दिशेने दिसेनाशी झाली तरी घड्याळ मुठीत धरून तो तसाच उभा होता.