तेरा डॉलरची टोपली

आमच्या मामेसासऱ्यांबरोबर माणसाने हिमालयात जावं, हॉस्पिटलात जावं, वेळ पडली तर कोर्टातही जावं. बाजारात मात्र जाऊ नये. चाळीस वर्षं अमेरिकेत शुगर लँडमध्ये काढून हा माणूस तेल कंपनीतून इंजिनिअर म्हणून रिटायर झाला, तरी भाव न करता वस्तू घेणं म्हणजे त्यांना अंघोळ न करता जेवायला बसल्यासारखं वाटतं. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुडीवरसुद्धा ते "फायनल किती?" असं विचारतात. काउंटरवरची मुलगी गोंधळून बारकोड दाखवते आणि मी लोणच्याच्या बरणीवरचा मजकूर वाचायला लागतो.

अशा माणसाला आम्ही नवराबायको डिसेंबरात क्रूझवर जमैकाला घेऊन गेलो. मामांच्या गळ्यात दोन पाकिटं होती. एकात द्यायचे अमेरिकन डॉलर, दुसऱ्यात परत येणारे जमैकन. क्रेडिट कार्ड मोज्यात. बंदराजवळच्या बाजारात डोक्याला हिरवा रुमाल बांधलेली, मामांच्याच वयाची एक बाई वेताच्या टोपल्या विणत बसली होती.

"वीस डॉलर, डार्लिंग," ती म्हणाली.

'डार्लिंग'ने मामा क्षणभर लाजले. मग सावरून म्हणाले, "आठ."

पुढचा पाऊण तास मी कधी घड्याळाकडे बघत होतो, कधी बोटीकडे. मामांनी टोपली उलटी केली, वीण मोजली, आमच्या मिरजेचे बुरूड याहून घट्ट विणतात, असं इंग्रजीत सुनावलं. बाईनेही त्यांना सोडलं नाही. "मग तूच विणून दाखव," म्हणत तिने शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. मामा खरंच बसले! चार फेऱ्यांत बोट कापून घेतलं. तिने हसत त्यावर चिंधी बांधली आणि पुन्हा भांडण सुरू.

"मामा, बोट सुटेल!" मी ओरडलो.

"जावईबापू, घाई दिसली की भाव चढतो."

अखेर सौदा तेरावर पटला. मामांनी वीसची नोट दिली, तिने जमैकन नोटा परत केल्या आणि आम्ही अक्षरशः पळत सुटलो. सगळ्यांत शेवटी बोटीवर चढलेलं कुटुंब आमचंच.

केबिनमध्ये मामांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. बाईने हजाराची एक नोट, म्हणजे सहा-साडेसहा डॉलर, जास्त दिली होती. तेराची टोपली सातला पडली म्हणून हे आता पार्टी देतील, असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा पडला.

"चला, उतरू."

"मामा, बोट निघाली! पोहत जाणार का?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. परत आल्यावर महिनाभर त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून "कुणी जमैकाला जातंय का?" म्हणून भंडावून सोडलं. शेवटी माझा एक सहकारी निघाला. त्याच्या हाती मामांनी ती नोट, वर वीसला कमी पडलेले सात डॉलर आणि बाजाराचा हाताने काढलेला नकाशा दिला. त्या गरिबाने सुट्टीतला अर्धा दिवस घालवून बाई शोधली.

तो आल्यावर मी मामांना फोन केला. "पैसे पोचले. बाई विचारत होती, तो भांडखोर म्हातारा स्वतः का नाही आला?"

मामा हसले नाहीत. मग हळूच म्हणाले, "तुमची मामी गेल्यापासून इतका वेळ कुणाशी भांडलो नव्हतो हो."