सासऱ्यांचं अमृत आणि मुंग्या

माझे सासरे रोज सकाळी उठून स्वतःचं मूत्र पीत. चोरून नाही, अंगणात पूर्वेकडे तोंड करून, सगळ्यांदेखत. निजामाचं राज्य होतं, चौसाळ्यात आमचं बऱ्यापैकी रान होतं, घरात दूधदुभतं होतं. प्यायला दुसरं काही नव्हतं असं मुळीच नाही.

झालं असं, की त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम राहिली. रानात विळा लागला, कुऱ्हाड लागली की आमच्याकडची माणसं त्यावर आपलंच पाणी सोडत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. सासऱ्यांनीही तेच केलं, पण जखम भरेना. तेवढ्यात देवळात एक गोसावी उतरला. तो म्हणाला, बाहेरून लावून काय होतंय, आतून घ्या, हे शिवांबू आहे. पहिली धार सोडायची, शेवटची सोडायची, मधली तेवढी तांब्यात धरायची. मीठ-मिरची बंद, दूध, खीर आणि गूळ चालू. आणि ते गोड लागायला लागलं की देह शुद्ध झाला असं समजायचं. एवढं सांगून गोसावी पुढच्या गावाला निघून गेला.

सासऱ्यांना ते लवकरच गोड लागायला लागलं. मग काय विचारता! गावातली माणसं त्यांना बघायला यायला लागली, एकदोघं तर पायाही पडली. सासूबाईंनी मात्र तो तांब्या गोठ्याच्या कोनाड्यात ठेवायला लावला. कितीही सिद्ध झालात तरी जेवायच्या आधी नीट चूळ भरा, असं त्या खडसावून सांगत.

मला कुतूहलाने नुसतं भंडावून सोडलं होतं. ते कोमट लागतं का, घोट उतरतो कसा, गोड म्हणजे उसासारखं की रताळ्यासारखं? पण विचारणार कशी? सुनेने सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, अशी रीत. अगदी अडलंच तर मी पदर ओढून भिंतीला सांगायची आणि तेही भिंतीलाच उत्तर द्यायचे. असला प्रश्न भिंतीलाही विचारता येईना.

मी त्या घरात आल्यावर, 'पोरीला पोटभर वाढत जा' असं सासूबाईंना बजावणारं माणूस तेच होतं. माझा त्यांच्यावर जीव होता. म्हणून त्यांच्याकडे बघून मला भीती वाटायला लागली. ते घागरभर पाणी पीत, तरी तहान भागत नसे. अंगरखा खांद्यावरून लोंबायला लागला. देह हलका होतोय, असं ते म्हणत. जखमेच्या कडा मात्र काळ्या पडल्या आणि तिला वास यायला लागला. तेव्हा सासूबाईंनी गाडी जुंपायला लावली आणि त्यांना बीडच्या हकिमांकडे नेलं.

तिथे काय झालं ते सासूबाईंनी परत आल्यावर सांगितलं. हकिमांनी पाय बघितला, तहानेचं विचारलं, आणि लघवीला मुंग्या लागतात का, असं विचारलं. सासरे ऐटीत म्हणाले, लागणारच, ते गोड आहे, मी रोज पितो. हकिमांनी कपाळाला हात लावला. ही साखरेची बीमारी आहे, गूळ-खीर आजपासून बंद करा, नाहीतर पाय कापावा लागेल आणि तेवढ्यावरही भागायचं नाही, असं त्यांनी बजावलं. सासरे भडकले. ज्यानं कधी थेंब चाखला नाही त्याला काय कळतंय, म्हणाले, आणि घरी येताच त्यांनी खीर मागितली.

माझ्या डोक्यात मात्र त्या मुंग्या शिरल्या. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यामागे करवंट्या मांडल्या. एकीत सासऱ्यांच्या तांब्यातलं उरलेलं, एकीत माझं, एकीत माझ्या नवऱ्याचं. नवरा लाजून लाल झाला, पण दिलं बिचाऱ्याने. दुपारपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागली ती सासऱ्यांच्याच करवंटीला. आम्हा दोघांना मुंग्यांनी विचारलंही नाही.

मी ते सासूबाईंना दाखवलं आणि त्यांनी सासऱ्यांना बोलावून आणलं. ते काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि खूश झाले. मुंगीसुद्धा अमृत ओळखते, म्हणाले. हे ते म्हणणार हे मला ठाऊक होतं. मी पदराआडून चौथी करवंटी पुढे सरकवली. तिलाही तशीच रांग लागली होती.

"ही कुणाची?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"कुणाची बी न्हाई," मी भिंतीला सांगितलं. "ह्यात निस्तं गूळपाणी हाय."

त्यांनी एकदा ह्या करवंटीकडे बघितलं, एकदा त्या. मग त्यांनी आपलं वाळलेलं मनगट दुसऱ्या हाताच्या बोटांत धरून पाहिलं.

"पाट फुटलाय मंजी," ते हळूच म्हणाले. "पाणी रानाला न लागता वढ्याला चाललंय."

त्या दिवसापासून खीर बंद झाली. ज्वारीची भाकरी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड, आणि समोर सासूबाई बसलेल्या. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. आता तर चव बघायलाच पाहिजे, म्हणाले. रोज सकाळी ते घोट घेत आणि आम्ही दोघी चुलीपासून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. अजून गोड असलं की ते नुसती मान हलवत आणि सासूबाई पुन्हा कारली चिरायला घेत.

ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, तेव्हाची गोष्ट. जखमेवर खपली धरली होती आणि पाय वाचला असं हकिमांनी सांगितलं होतं. त्या सकाळी सासरे चुलीजवळच्या दाराशी येऊन उभे राहिले. भिंतीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होते.

"पोरी, आज गोड न्हाई. खारट लागलं," ते म्हणाले. "आता आमचं बी चारचौघांवानीच."

मला आनंदाने रडू फुटायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. ज्यांना बघायला गाव यायचं, त्यांच्या हातून ते सगळं मीच काढून घेतलं असं मला वाटलं. पदर सावरायचं भान राहिलं नाही. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलले.

"मामंजी, आमाला तुमी चारचौघांवानीच पायजेत."

सासूबाईंचा हात परातीत थांबला. सासऱ्यांनी दाराची चौकट धरली. मग त्यांनी हळूच दुखरा पाय वहाणेत घातला.

"मंग भाकरी बांध," ते म्हणाले. "रानात जायचंय."